झाकली मूठ प्रत्येक पुस्तकाची नसते

‘शेवट सांगू नकोस हं!’ पुस्तक सुचवणाऱ्याचं तोंड बंद करायला एवढं एक वाक्य पुरतं. वाचणाऱ्या माणसांत हा वाद अधूनमधून पेटतो आणि दर वेळी त्याच दोन खुंटांभोवती फिरतो. एक पक्ष म्हणतो, कथेतलं काहीही आधी सांगणं म्हणजे पेपर फोडणं. दुसरा म्हणतो, शेवट कळल्याने ज्याची गोडी जाते ते पुस्तक मुळात वाचण्याच्या लायकीचंच नव्हतं. दोघं एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांचं एक गृहीत सारखंच असतं: रहस्यकथा असो, ऐतिहासिक कादंबरी असो, की आजारपणात उशाशी ठेवायचं हलकंफुलकं पुस्तक असो, सगळ्यांना नियम एकच. गाडं अडतं ते तिथे.

शेवट झाकायचा नियम मुळात रहस्यकथेचा आहे. तिथे तो आज पाळला जातो त्याहून कडक पाळायला हवा. ऐतिहासिक कादंबरी सुचवताना शेवट झाकण्याला फारसा अर्थ नसतो. तिथे उघड करायची गोष्ट निराळीच असते आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही. आणि मनाला विसावा देणारं पुस्तक जो मागतो, त्याला शेवट कसा आहे हे सांगितलंच पाहिजे. न सांगणं हा तिथे संयम नसून हलगर्जीपणा आहे. या तिन्ही ठिकाणी नियम बदलतो, कारण शिफारस म्हणजे परीक्षण नव्हे. परीक्षण पुस्तकाविषयी असतं. शिफारस एका विशिष्ट माणसासाठी असते, आणि त्या माणसाने काहीतरी मागितलेलं असतं.

झाकणाऱ्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करू. पहिलं वाचन एकदाच मिळतं. जे सांगितलं ते परत घेता येत नाही. न सांगितलेलं उद्याही सांगता येतं. दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही, त्यामुळे शंका असेल तिथे गप्प बसावं, हे सरळ व्यवहारज्ञान आहे. यावर दुसरा पक्ष २०११ सालचा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतला प्रयोग तोंडावर फेकतो: बारा लघुकथा, त्यात रहस्यकथाही, काहींना शेवट आधी सांगितला, काहींना नाही, आणि ज्यांना सांगितला त्यांनाच कथा जास्त आवडल्या. झालं, विज्ञानाने निकाल दिला! पण २०१५ मध्ये आम्सटरडॅमच्या संशोधकांना जवळजवळ उलटं आढळलं, हे सांगायला मात्र सगळे विसरतात. आणि समजा पहिलाच प्रयोग खरा धरला, तरी त्यातून आपल्या प्रश्नाचं उत्तर कसं निघेल? प्रयोगात दिलेली लघुकथा एका बैठकीत वाचून होते. चारशे पानांची रहस्यकथा माणूस आठवडाभर उशाशी ठेवतो, दिवसा काम करताना संशयितांची उलटतपासणी मनात घेत राहतो. पुस्तक मिटलेलं असताना डोक्यात चालणारा हा खेळ मोजपट्टीत कुठे येतो? शिवाय सरासरी वाचक पुस्तक मागायला येत नाही. येतो तो एकच कुणीतरी.

दुसरा युक्तिवाद लेखकाच्या हक्काचा. कुठली गोष्ट कधी सांगायची हे लेखकाने ठरवलंय, त्यात तिसऱ्याने नाक खुपसू नये. हाही वरवर बिनतोड वाटतो. पण लेखकांनी स्वतः काय केलंय ते बघू. महाभारताच्या आदिपर्वात, युद्धाला अजून कितीतरी अवकाश असताना, धृतराष्ट्र एकामागून एक घटना मोजत रडतो आणि दर वेळी म्हणतो, ‘तदा नाशंसे विजयाय संजय’. हे ऐकलं तेव्हाच मी विजयाची आशा सोडली. द्रौपदी स्वयंवरापासून सौप्तिकापर्यंत, म्हणजे झोपलेल्या सैन्याच्या कत्तलीपर्यंत, सगळी कथा या विलापात येऊन जाते. भीष्मपर्वात तर संजय आधी भीष्म पडल्याची बातमी घेऊन येतो आणि मग पहिल्या दिवसापासून युद्ध सांगायला लागतो. वाल्मीकि रामायणाच्या पहिल्याच सर्गात नारद सगळं रामचरित्र थोडक्यात सांगून मोकळा होतो. ग्रीक प्रेक्षक सोफोक्लिसचं इडिपस बघायला बसत, तेव्हा ज्या खुन्याला राजा शोधतोय तो कोण हे राजा सोडून सगळ्यांना ठाऊक असे. मग ही माणसं हजारो वर्षं कशासाठी ऐकत होती? ‘काय होणार’ यासाठी खासच नाही. ‘कसं होणार’ आणि ‘त्या क्षणी हा माणूस काय बोलणार’ यासाठी. शेवट झाकून ठेवणं हा कथेचा सनातन धर्म आहे असं जे बोललं जातं, त्याला परंपरेचा आधार फार थोडा आहे.

पण म्हणून ‘शेवट कळला तर काय बिघडलं’ म्हणणाऱ्यांनीही टाळ्या पिटू नयेत. कारण एकोणिसाव्या शतकात एक नवा खेळ सुरू झाला, आणि त्याचे नियम खरोखरच वेगळे आहेत. एडगर अ‍ॅलन पोची पहिली गुप्तहेरकथा १८४१ ची. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत लेखक आणि वाचक यांच्यात हळूहळू एक करार घडत गेला आणि १९२० च्या दशकाच्या शेवटी तो कागदावर आला. १९२८ मध्ये एस. एस. व्हॅन डाइनने वीस नियम लिहिले. पहिलाच असा, की कोडं सोडवायची संधी वाचकाला गुप्तहेराइतकीच मिळाली पाहिजे. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने दहा आज्ञा सांगितल्या. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच दिसला पाहिजे, ही त्यातली पहिली. १९३० मध्ये लंडनमध्ये रहस्यकथालेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला आणि सभासद होताना याच धर्तीची शपथ घ्यायची पद्धत पडली. म्हणजे ही कथा उरलीच नाही नुसती. हा डाव आहे. बुद्धिबळाचा डाव चालू असताना मागे उभं राहून ‘घोडा काढ’ म्हणणारा माणूस जसा नकोसा होतो, तसा रहस्यकथेचा शेवट सांगणारा. धृतराष्ट्राच्या विलापाचा दाखला इथे लागू पडत नाही, कारण व्यासांनी वाचकाला ‘ओळख बघू’ असं म्हटलेलंच नव्हतं.

अगदी इथेही अपवाद आहे, आणि तो सुचवणाऱ्याला माहीत हवा. आर. ऑस्टिन फ्रीमनने १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’मध्ये गुन्हा आणि गुन्हेगार आधीच दाखवून टाकला; उरलेली मौज गुप्तहेर त्याच्यापर्यंत कसा पोचतो यातली. अशी उलटी रहस्यकथा ‘खुनी कोण ते सांगणार नाही’ अशी डोळे मिचकावत दिली, तर वाचकाचं पहिल्याच प्रकरणात तोंड उतरतं. तेव्हा ‘यात खुनी लगेच कळतो, बघायचं ते तो सापडतो कसा’ हे वाक्य रसभंग नसून पत्ता आहे.

आता खरी अडचण. रहस्यकथा सुचवणारे बहुतेक लोक शेवट सांगत नाहीत, पण फोडतात. ‘शेवटी असा धक्का आहे ना!’ हे सगळ्यात निरुपद्रवी वाटणारं आणि सगळ्यात घातक वाक्य. धक्का आहे हे कळलेला वाचक पहिल्या पानापासून सरळ वाचतच नाही. जो सर्वांत निरपराध दिसतो त्याच्यावरच नजर ठेवतो, आणि बरेचदा बरोबर निघतो. दुसरं, ‘पहिलं प्रकरण नीट वाच’. म्हणजे धागा पहिल्या प्रकरणात आहे, हे सांगितलंच की. तिसरं, ‘दोनशे पानांपर्यंत धीर धर’. म्हणजे तोवर ज्याच्यावर संशय येईल तो खुनी नव्हे. चौथी गळती सगळ्यात सूक्ष्म: तुलना. ‘तुला ते अमुक पुस्तक आवडलं होतं ना, मग हे आवडेलच’. तुलना वातावरणाची असेल, वेगाची असेल, गुप्तहेराच्या स्वभावाची असेल तर चालेल. पण दोन्ही पुस्तकांतली युक्ती एकाच जातीची असली, तर त्या एका वाक्यात तुम्ही उत्तरपत्रिका हातात दिली. गंमत म्हणजे अशी तुलना तोंडातून पटकन येते ती युक्ती सारखी असते म्हणूनच. आपल्याला आठवण झाली ती कशावरून, हे स्वतःला विचारायचं राहून जातं.

मग सांगायचं काय? पुष्कळ आहे. घटना कुठे घडते, बंदिस्त वाड्यात की गजबजलेल्या शहरात. संशयित किती, पाच की पंधरा. पंधरा असतील तर पात्रयादी पुस्तकात आहे की स्वतः कागदावर लिहावी लागेल. रक्त पानावर सांडतं की पडद्याआड. वेग कसा. तपास पोलिसी शिस्तीचा आहे, की एका हुशार माणसाच्या डोक्यात चालणारा, की बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजारसारखा धाडसाच्या अंगाने जाणारा. कारण अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांतली गंमत वेगाची आणि साहसाची आहे, ती डाक टिकिटं जुळवल्यासारखे पुरावे जुळवणाऱ्याच्या हाती दिली तर तो नाक मुरडणार, आणि दोष मात्र अर्नाळकरांना देणार. पुस्तक ऐकायचं आहे की वाचायचं, हेही विचारावं. ज्या रहस्यकथेत तारखा, वेळा आणि घराचा नकाशा महत्त्वाचा, ती कानाने वाचणाऱ्याला देऊ नये; मागे जाऊन सव्वानऊ की पावणेदहा ते बघता येत नाही आणि तिसऱ्या साक्षीपाशी माणूस नाद सोडतो.

मालिकांचा क्रम हा तर वेगळाच सापळा. ‘कुठूनही सुरू कर, प्रत्येक पुस्तक स्वतंत्र आहे’ हे सर्रास सांगितलं जातं आणि बहुतेकदा खरंही असतं. पण अगाथा ख्रिस्तीच्या १९३७ च्या ‘डंब विटनेस’मध्ये तिचा गुप्तहेर प्वारो बोलता बोलता आधीच्या चार कादंबऱ्यांतल्या गुन्हेगारांची नावं घेऊन जातो. स्वतः लेखिकेनेच पेपर फोडला, आता दाद कुणाकडे मागणार? सुचवणाऱ्याचं काम इथे एका वाक्याचं आहे: ‘हे आधीच्या चारांनंतर वाच’. त्या चारांची नावं विचारली तर तीही सांगावीत. चोर कोण ते फक्त सांगू नये. ख्रिस्तीच्याच ‘द माउसट्रॅप’ या १९५२ पासूनच्या नाटकात शेवटी प्रेक्षकांना गुपित राखायची विनंती करतात. इतकी वर्षं लोक ती बऱ्यापैकी पाळत आलेत, यावरून हा करार वाचकांनाही मान्य आहे हे दिसतं.

ऐतिहासिक कादंबरीकडे आलं की हा सगळा डाव आवरून ठेवायचा. हरिभाऊ आपट्यांनी तानाजीवरच्या कादंबरीचं नाव काय ठेवलं? ‘गड आला पण सिंह गेला’. जिंकलं कोण, मेलं कोण, दोन्ही मुखपृष्ठावर! १६७० सालच्या त्या रात्री काय झालं हे न कळावं असं हरिभाऊंना वाटतच नव्हतं. ‘पानिपत’ उघडणाऱ्याला १४ जानेवारी १७६१ ला काय होणार हे ठाऊक असतं, ‘स्वामी’ उघडणाऱ्याला माधवराव सत्ताविसाव्या वर्षी जाणार हे ठाऊक असतं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्यावरच्या हिलरी मँटेलच्या त्रयीतल्या पहिल्या भागात, २००९ च्या ‘वुल्फ हॉल’मध्ये, नायक वर वर चढत जातो आणि वाचक मनात १५४० मोजत असतो, कारण त्या साली त्याचं डोकं उडणार आहे. ही जाणीव काढून घ्या. कादंबरीतला अर्धा ताण जाईल. शोकान्त ठाऊक असणं हेच इथे लेखकाचं भांडवल.

तर मग या प्रकारात झाकलं जातं काय? कल्पित किती, हे. वॉल्टर स्कॉटने १८१४ च्या ‘वेव्हर्ली’त एक कल्पित तरुण घेतला आणि त्याला १७४५ च्या खऱ्या बंडात नेऊन सोडला. तिथे वाचकाला गोंधळ होत नाही. नायक लेखकाचा, बंड इतिहासाचं. पण मराठीत जास्त लोकप्रिय झाला तो दुसरा साचा, खऱ्या माणसालाच नायक करण्याचा. त्याच्या तोंडचे संवाद, रात्रीचे विचार, पत्नीशी झालेलं भांडण लेखकाचं. तारखा आणि लढाया इतिहासाच्या. आणि शिवण इतकी सफाईदार की कुठे काय जोडलंय ते उसवल्याशिवाय दिसत नाही. कादंबरीकाराला हे स्वातंत्र्य आहेच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार सुचवणाऱ्याबद्दल आहे, जो ‘हे वाच म्हणजे तुला पेशवाई कळेल’ असं म्हणून कादंबरी हातात देतो. वाचणारा मग कादंबरीतला संवाद पुरावा म्हणून दहा ठिकाणी सांगत सुटतो. हा रोग जुना आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा प्रस्तावनेत बखरींना अस्सल पत्रांच्या कसोटीवर घासून त्यांच्या चुका दाखवल्या. बखरकार रंगवून सांगत, पण निदान आपण जे लिहितो ते खरंच घडलं असा त्यांचा दावा होता. कादंबरीकार तसा दावाही करत नाही, आपणच त्याच्या वतीने करतो. याला काय म्हणावं?

म्हणून ऐतिहासिक कादंबरी सुचवताना चार गोष्टी सांगाव्यात, आणि त्या सांगायला पुस्तक पुन्हा वाचावं लागत नाही; प्रस्तावना, लेखकाचं मनोगत आणि शेवटची पानं चाळली की दहा मिनिटांत कळतात. मुख्य पात्र इतिहासातलं आहे का. लेखकाने घटनांचा क्रम बदललाय किंवा दोन माणसांची एक केलीत, अशी कबुली कुठे दिलीय का. संदर्भांची यादी आहे का. असली म्हणजे सगळं खरं असं नव्हे, पण पडताळायचं म्हटलं तर दार तरी दिसतं. आणि भाषा कुठल्या वळणाची आहे. हा चौथा मुद्दा लोक उडवून लावतात, पण पुस्तकं अर्धवट सुटतात ती याच्यामुळेच. फार्सीमिश्रित दरबारी भाषेची पहिली तीस पानं जड जातात आणि मग कान बसतो, हे आधी सांगितलं तर वाचक टिकतो. न सांगितलं तर विसाव्या पानावर स्वतःलाच अडाणी समजून पुस्तक मिटतो. तीच गोष्ट निवेदनाची. ‘मृत्युंजय’ इतिहास नव्हे, पुराण, पण उदाहरण चपखल आहे. कर्ण मरतो हे सांगून कुणाचा रसभंग होणार? पण निवेदक बदलत जातात, कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्ण बोलतो, हे सांगितलं तर नवख्या वाचकाचा हात धरल्यासारखं होतं. सहाशे-आठशे पानांच्या कादंबरीबरोबर एक सूचना फुकट द्यावी: वंशवृक्ष असेल त्या पानाला खूण घालून ठेव. एकाच नावाची तीन माणसं तीन पिढ्यांत येतात, आणि शंभराव्या पानावर आजोबा आणि नातू यांची गल्लत झाली की पुढचं सगळं राजकारण तिरपागडं होतं.

इथे झाकणाऱ्यांच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो मला बिनतोड वाटतो: सगळ्यांना इतिहास ठाऊक असतो हे कुणी सांगितलं? पंधरा वर्षांच्या मुलाला पानिपतावर काय झालं ते माहीत नसेल, त्याला ती लढाई श्वास रोखून वाचू द्यायला नको का? दूरच्या देशातल्या राजवटीवरची कादंबरी असेल तर पन्नाशीच्या वाचकाची स्थितीही तीच. कबूल. अशा वाचकाला निकाल सांगण्याचं कारण नाही. फक्त एवढं लक्षात ठेवावं, की तिथे आपण त्याचं अज्ञान जपतोय, पुस्तकाचं रहस्य नव्हे. आणि ते पुस्तकाच्या मलपृष्ठावरच्या मजकुरातच कुणीतरी आधी संपवलेलं असण्याची शक्यता दाट आहे.

राहता राहिलं विसाव्याचं पुस्तक. इथे वादाची पातळी सगळ्यात घसरते. एकीकडे नाक वर करणारे, ज्यांना असं पुस्तक मागणं हाच कमीपणा वाटतो. दुसरीकडे ‘काहीतरी हलकं दे’ म्हटल्यावर विनोदी म्हणून छापलेलं कुठलंही पुस्तक उचलून देणारे. पहिल्यांशी फार वेळ घालवायची गरज नाही. दुसरे मात्र खरोखर नुकसान करतात, कारण हलकं म्हणजे काय हेच त्यांनी विचारलेलं नसतं. ‘व्यक्ती आणि वल्ली’ हा विनोदाचा खजिना, पण त्यातला नंदा प्रधान कुणाला हसवत नाही. नुकतंच जवळचं कुणी गमावलेल्या माणसाला ते पुस्तक द्यायला हरकत नाही. ‘नंदा प्रधान आत्ता वगळ’ एवढं मात्र सांगून द्यावं. उलट, सहा मुडदे पडणारी जुन्या धाटणीची रहस्यकथा त्याच माणसाला कमालीची शांतता देऊ शकते. विपरीत वाटतं ना? डब्ल्यू. एच. ऑडेन या कवीने १९४८ मध्ये या व्यसनावर एक निबंधच लिहिला: गुन्ह्याने विसकटलेलं जग पुन्हा निरागस होतं, ही त्या कथेची ओढ. म्हणजे विसावा विषयात नसतो, तो खात्रीत असतो. शेवटी सगळं जागेवर येणार हे ठाऊक असल्यामुळे मधलं सगळं सोसतं. आणि म्हणूनच थकलेली माणसं नवं पुस्तक न घेता जुनं, पाठ असलेलं पुस्तक दहाव्यांदा उघडतात. त्यांना कुठल्या रसभंगाची भीती असते? शेवट माहीत असणं हाच तर तिथे रस आहे.

हे एकदा मान्य केलं की पुढचं आपोआप येतं. जो खात्री मागतोय त्याला खात्री द्यायची, तर शेवट सांगावाच लागतो. सगळी कथा नको. जिथे लागतं तेवढं. उदाहरणार्थ असं: ‘आजी आधीच गेलेली आहे, पुस्तकात पानावर कुणी मरत नाही. कुत्रा शेवटपर्यंत जिवंत. भावांचं भांडण मिटतं. मध्ये इस्पितळातली दहा पानं आहेत, पण निभावतं.’ चार वाक्यं. यात काय फुटलं? आणि ही चार वाक्यं नसतील तर वाचणारा प्रत्येक प्रकरण धास्तीने उघडणार, कुत्रा खोकला तरी पुस्तक मिटणार. इंग्रजीत ‘कुत्रा मरतो का’ हाच प्रश्न नाव म्हणून लावलेलं एक संकेतस्थळ आहे, त्याची टिंगल करणारे पुष्कळ भेटतात. पण प्रश्न विचारणाऱ्याला कुत्र्याचं काही पडलेलं नसतं असं मानण्यापेक्षा, त्याच्या घरचा पंधरा वर्षांचा कुत्रा मागच्या महिन्यात गेला असेल असं मानणं जास्त शहाणपणाचं नाही का?

यावरचा गंभीर आक्षेप असा, की साहित्याने माणसाला अस्वस्थ करावं. आधीच सगळे खड्डे दाखवून दिले तर वाचक कायम गुळगुळीत रस्त्यावरूनच चालेल. आक्षेपातलं पहिलं अर्धं मला पूर्ण मान्य आहे. चांगलं पुस्तक अंगावर येतं, यायलाच हवं. पण अंगावर येणारं पुस्तक हवं असेल तर माणूस तसं मागतो. ज्याने विसावा मागितला त्याला न सांगता हादरा देणं ही साहित्यसेवा नाही, ती शिफारस करणाऱ्याची हौस आहे. आणि तिचा परिणाम उलटा होतो. फसलेला वाचक धीट होत नाही. तो पुढच्या वेळी तुम्हाला विचारत नाही, आणि ज्या अवघड पुस्तकांपर्यंत तुम्ही त्याला हळूहळू नेऊ शकला असता ती वाटही बंद होते. रडयार्ड किपलिंगच्या १९२४ च्या एका कथेत पहिल्या महायुद्धातले तोफखान्यातले सैनिक आघाडीवर जेन ऑस्टेन वाचतात. चहापान आणि लग्नं जुळण्याच्या त्या गोष्टी. आता त्या माणसांना कुणी म्हणावं, की तुम्ही वास्तवापासून पळता?

भारतीय ग्रंथपाल एस. आर. रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातली दोन सगळे घोकतात: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. चौथं सूत्र कुणी फारसं काढत नाही: वाचकाचा वेळ वाचवा. सुचवण्याआधी तीन प्रश्न विचारले की हा वेळ वाचतो. शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं? अर्धवट सोडलेलं कोणतं आणि साधारण कितव्या पानावर? आणि आत्ता काय अजिबात नको? यातला मधला प्रश्न सर्वांत कामाचा. विसाव्या पानावर सोडलं तर बहुधा भाषा किंवा निवेदन पचलं नाही. मध्यावर सोडलं तर वेग मंदावला. शेवटाकडे येऊन सोडलं तर पुढे काय होणार याची धास्ती वाटली. तिसऱ्या प्रकारच्या वाचकाला काही झाकून पुस्तक देण्यात हशील नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालबाईंनी पुस्तकात शिरायची चार दारं सांगितलीत: कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. रहस्यकथेचा वाचक बहुधा पहिल्या दाराने येतो, ऐतिहासिकाचा तिसऱ्या, विसाव्याचा दुसऱ्या. बहुधा, नेहमी नव्हे. म्हणून एकाने ‘मला रहस्यकथा आवडतात’ म्हटलं की लगेच दहा नावांची यादी फेकू नये. त्याला कोडी आवडत असतील किंवा फक्त तो विक्षिप्त गुप्तहेर आवडत असेल, आणि दोघांसाठी पुस्तकं निराळी. तीन नावं पुरेत: एक बिनधोक, एक शेजारच्या गल्लीतलं, एक जरा लांबचं. त्यात नुकतंच वाचून संपवलेलं आपलं लाडकं पुस्तक असेल तर ते शेवटी ठेवावं. ताज्या प्रेमात माणसाला समोरच्याचे कान दिसत नाहीत.

प्रकार एकमेकांत मिसळले की काय करायचं? उम्बर्तो एकोची ‘द नेम ऑफ द रोझ’ १३२७ सालच्या मठात घडते, तीत खून आहेत आणि धर्मवादही. एलिस पीटर्सचा ब्रदर कॅडफेल बाराव्या शतकातला साधू, औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो आणि खुनाचे तपास लावतो. त्याच्या वीस कादंबऱ्या कित्येकांना उबदार पांघरुणासारख्या वाटतात. तिन्ही नियम एकदम लागू करायचे, एवढंच. खुनी कोण ते झाकायचं. मठ खरा की कल्पित, राजे आणि यादवी इतिहासातली की नाही, ते उघड करायचं. आणि कॅडफेल मागणारा दमलेला दिसला, तर न विचारता सांगायचं की म्हातारा सुखरूप आहे. एकोच्या बाबतीत हे आश्वासन देऊ नये. सुरुवातीची शंभर पानं दमवणारी आहेत, हे मात्र आवर्जून सांगावं, कारण तिथेच बहुतेक प्रती कोपरा दुमडून कायमच्या झोपतात.

ग्रंथालयातली किंवा उसनी आलेली रहस्यकथा पुढे देताना आणखी एक काम उरतं, आणि ते कुठल्याही वादात कुणी काढत नाही. पात्रांच्या यादीचं पान आणि समास चाळून बघायचे. आधीच्या कुणा वाचकाने एखाद्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढून ‘हाच!’ असं लिहून ठेवलेलं असतं. ते खोडरबराने पुसायचं, पुसल्याचा डाग राहिला तर आणखी दोन-तीन नावांखालीही तसेच डाग करायचे, आणि मग पुस्तक हातात द्यायचं.